बंडखोराचा पोवाडा आणि पश्चात्ताप



उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा सुरू असताना, बरोबर शांततेच्या क्षणी, मागच्या बाकावर एक मोबाइल वाजला. आता मोबाइल वाजणे ही काही नवी गोष्ट नाही. दर रविवारी एखादा तरी वाजतोच, आणि ज्याचा वाजतो त्याला तो बंद कसा करायचा हे नेमके तेव्हाच आठवत नाही. पण या खेपेला रिंगटोन होती पोवाड्याची. डफावर थाप, तुणतुणे आणि खड्या आवाजात एका बंडखोराचे कौतुक : त्याने कुणाला गाठले, कसे लोळवले, आणि पोलीस कसे हात चोळत राहिले. मुले हसली. काही मोठ्यांनीही हसू दाबले. खरे सांगायचे तर वेदीवर उभे राहून आम्हालाही ओळ पुढे कशी जाते ते आठवले, आणि मिस्साच्या पुस्तकातली आमची ओळ क्षणभर हरवली.

मिस्सा संपल्यावर तो तरुण स्वतःहून भेटायला आला. माफी मागितली, आणि मग जाता जाता विचारले, "फादर, पण त्यात वाईट काय आहे? त्याने जे केलं ते गोरगरिबांसाठीच केलं ना?" आम्ही त्याला "पुढच्या वेळी फोन बंद ठेव" एवढेच म्हणालो. उत्तर दिले नाही. कारण उत्तर एका वाक्याचे नव्हते. ते या पत्रकात लिहू, असे ठरवले.

पहिली कबुली ही, की ही गाणी आम्हाला आवडतात. आमचे बालपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. जत्रेत तमाशाचा फड यायचा. गण, गौळण, बतावणी झाली की रात्री उशिरा वग उभा राहायचा. आम्हा ख्रिस्ती घरांतल्या मुलांना तंबूत जायला बंदी होती, पण कर्णे एवढे मोठे की अख्खा वग घरातल्या अंथरुणावर पडून ऐकू यायचा. वगातला बंडखोर सावकाराला गोळी घालायचा तेव्हा तंबूतून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. पुढे तो पकडला जायचा, फितुरीनेच, कारण वगातला वाघ समोरासमोर कधी पकडला जात नाही. मग त्याची म्हातारी आई तुरुंगाच्या दाराशी येऊन रडायची. त्या गाण्याला बाया-बापड्या पदराने डोळे पुसायच्या.

एका रात्री आम्हीही रडत होतो. शेजारी आई जागी होती. ती अंधारात म्हणाली, "आन् त्यो सावकार मेला, त्याला आई न्हवती का रं?"

आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. आईचे शिक्षण दुसरी. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना नीतिशास्त्रावरची बरीच जाड पुस्तके वाचली, पण पश्चात्तापाविषयी याहून मुद्द्याचा प्रश्न आम्हाला अजून कुणी विचारलेला नाही.

तरीही पोवाड्याची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. राज्यकर्ता ज्याला दरोडेखोर म्हणतो तो दरोडेखोर असतोच असे नाही. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचे उमाजी नाईक यांना इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. त्यांना पकडण्याच्या मोहिमेतल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. कंपनीच्या कागदांत उमाजी गुन्हेगार आहेत. लोकांच्या तोंडी ते राजे आहेत, आणि आज आपण त्यांना आद्यक्रांतिवीर म्हणतो. शाहिराने लोकांची साक्ष जपली, म्हणूनच आपल्यापर्यंत सरकारी कागदाखेरीज दुसरेही काही पोचले. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली तीही याच रीतीने. दुष्काळात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असताना खजिना लुटून त्यांना जगवणाऱ्याला चोर म्हणायचे का, हा त्या कादंबरीचा प्रश्न आहे. संत थॉमस अक्विनास यांनीही तेराव्या शतकात असेच म्हणून ठेवले आहे : जिवावर बेतलेल्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही. तेव्हा आमचा तो तरुण अगदीच चुकीचे बोलत नव्हता.

आणि दोष लादला जातो म्हणजे काय हे पाहायला सोलापूर जिल्ह्याला लांब जावे लागत नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातले मूलसुद्धा त्यात आले. सोलापूरला तारेचे कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली. तिथल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. देशभरातला तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सोलापुरात सेटलमेंट हे नाव मात्र अजून बोलण्यात आहे, आणि ते नाव घेताना काही लोकांचा सूर अजून बदलतो. ज्याने काहीच केले नाही त्याच्या माथी दोष, आणि ज्याने कायदा केला त्याच्या मनात खंतही नाही. अशा मुलखात बंडखोराचे गाणे जन्माला येणारच. ते गाणे म्हणते : तुमचा शिक्का आम्ही मानत नाही. आम्हीही मानत नाही.

पण शिक्का खोटा ठरला म्हणून हाताला लागलेले रक्त आपोआप धुऊन निघते का? इथे आईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पुण्याला शिकत असताना आमच्या शेजारच्या खोलीत मिझोरामचा एक सहाध्यायी होता. त्याच्याकडे गिटार होती आणि अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांची भरलेली वही होती. ग्रामीण अमेरिकेची ही गाणी, ट्रकचालकांची, शेतमजुरांची, दारूत बुडालेल्यांची, आणि तुरुंगात गेलेल्यांची. आम्हाला आधी वाटले, हा तर त्यांचा पोवाडा. पण लक्ष देऊन ऐकल्यावर एक मोठा फरक कळला. आपला शाहीर बंडखोराविषयी गातो : तो आला, त्याने मारले, तो पडला. तिकडचा गायक 'मी' म्हणतो : मी मारले, मी चुकलो, आता मी भोगतो आहे. पोवाड्याचा नायक उंच घोड्यावर असतो, त्याला कबुली द्यायला खाली उतरवायचे कुणी? तिकडे गाणे सुरू होते तेच कोठडीच्या आतून.

जॉनी कॅश या गायकाचे फोल्सम तुरुंगावरचे गाणे १९५५ सालचे. त्यातला कैदी सांगतो, की त्याने रिनो गावात एका माणसाला गोळी घातली, आणि ती कशासाठी, तर मरताना माणूस कसा दिसतो ते पाहावे म्हणून. मग रात्री आगगाडीची शिटी ऐकून त्याचा जीव कासावीस होतो. गाडीत बसलेली श्रीमंत माणसे कॉफी पीत कुठेतरी चालली असतील आणि आपण इथे, याचे त्याला रडू येते. गाणे अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण आमच्या सहाध्यायाने ते म्हटले त्या रात्री आम्हाला आई आठवली. रिनोमधला तो मेलेला माणूस पुन्हा गाण्यात येतच नाही. त्याला नाव नाही. कैदी रडतो ते स्वतःच्या हुकलेल्या गाडीसाठी.

या गाण्याची पुढची हकीकत आम्हाला गाण्याहून महत्त्वाची वाटते. कॅशने स्वतः कधी शिक्षा भोगलेली नव्हती. दंगामस्तीपायी काही रात्री कोठडीत काढल्या, तेवढेच. १३ जानेवारी १९६८ रोजी तो खरोखर फोल्सम तुरुंगात गेला आणि कैद्यांपुढे गायला. त्याची रेकॉर्ड निघाली, प्रचंड खपली. त्या रेकॉर्डवर खुनाच्या ओळीनंतर कैद्यांचा एक जल्लोष ऐकू येतो. अंगावर काटा येतो. पण तो जल्लोष तिथला नव्हे. तो नंतर स्टुडिओत जोडला गेला. त्या ओळीला प्रत्यक्षात असा जल्लोष झालाच नव्हता. पहारेकऱ्यांच्या देखत खुनाच्या ओळीवर ओरडण्याइतके कैदी बेसावध नव्हते. कारण भीतीचे असेल. पण काहीजणांचे तरी दुसरे असेल, असे आम्हाला वाटते. ज्यांनी कधी माणूस मारलेला नाही अशा गिऱ्हाइकांसाठी शिट्ट्या मागाहून भरल्या गेल्या. आमच्या गावच्या तंबूत शिट्ट्या मारणाऱ्यांनीही कुणाला मारलेले नव्हते.

मर्ल हॅगर्ड हा दुसरा गायक मात्र खराच कैदी. सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याने जवळजवळ तीन वर्षे काढली, कॅशला पहिल्यांदा पाहिले ते तिथेच, कैद्यांच्या गर्दीत बसून. १९६० साली तो सुटला. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी, म्हणजे पुढे अध्यक्ष झालेल्या रेगन यांनी, त्याला पूर्ण माफी दिली. १९६८ च्या त्याच्या प्रसिद्ध गाण्यात तो म्हणतो त्याचा आशय असा, की आईने वळण लावायचा प्रयत्न केला होता, दोष तिचा नाही, माझा आहे. ही एक पायरी वरची. इथे निदान एक दुसरे माणूस आले, जिला दुखावले गेले ती. (पुढे १९७० नंतर याच गाण्यांच्या एका शाखेला 'आउटलॉ' म्हणजे कायद्याबाहेरच्यांची गाणी म्हणू लागले. त्यातल्या बहुतेकांचे भांडण कायद्याशी नव्हते, रेकॉर्ड कंपन्यांशी होते. बंडखोर म्हणवून घेणे हा सगळीकडेच चांगला धंदा आहे.)

आता थोडे तत्त्वज्ञान, पण घाबरू नका. मराठीत आपल्याकडे हळहळ, खंत, लाज आणि पश्चात्ताप असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. पेपर अवघड गेला तर हळहळ. चोरी उघडी पडली, चारचौघांत मान खाली गेली, तर लाज. त्यात चोरी झाली याचे दुःख किती आणि उघडी पडली याचे किती, हे ज्याचे त्याला माहीत. स्पिनोझा या तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकात पश्चात्तापालाच नकार दिला. तो म्हणतो, पश्चात्ताप करणारा माणूस दुप्पट दुःखी. एकदा चूक करून आणि दुसऱ्यांदा त्या चुकीवर कुढून. विद्यार्थीदशेत हे वाचले तेव्हा आम्हाला राग आला होता. आज वाटते, तो ज्याच्याविषयी बोलत होता त्या गोष्टीबद्दल त्याचे बरोबरच आहे. स्वतःभोवती फिरणारी खंत माणसाला खातेच. कोठडीतल्या गाण्यातला कैदी दुप्पट दुःखी आहे आणि त्याच्या दुप्पट दुःखाने त्या मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही.

पवित्र ख्रिस्तसभा मात्र अशा अपुऱ्या खंतीला हाकलून देत नाही, हेही सांगितले पाहिजे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ साली पूर्ण पश्चात्ताप आणि अपूर्ण पश्चात्ताप असा भेद केला. देवावरच्या प्रेमापोटी येतो तो पूर्ण; शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने येतो तो अपूर्ण. आणि हा अपूर्णसुद्धा देवाचेच देणे आहे, तो माणसाला पापनिवेदनाच्या दारापर्यंत आणतो, असे परिषद म्हणते. दारापर्यंत आणतो म्हणजे आत पोचवतो असे नव्हे. पण दारापर्यंत येणेही काही थोडे नाही.

पवित्र शास्त्रात एक बंडखोर आहे जो गातही असे. दावीद. शौल राजाच्या भीतीने तो अदुल्लामच्या गुहेत लपला तेव्हा कर्जाने पिचलेली, गांजलेली चारशे माणसे त्याच्याभोवती जमली. हा भाग थेट पोवाड्यात शोभेल. पुढे तो राजा झाला, आणि राजवाड्याच्या गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. तिचा नवरा उरीया हा दाविदाचाच शिपाई. दाविदाने त्याला लढाईच्या तोंडी उभे करवून मारले. आणि त्या हुकमाचे पत्र त्याच्याच हाती सेनापतीकडे पाठवले. उमाजींना पकडून देणाऱ्या फितुरांना आपण नावे ठेवतो, पण हे पत्र लिहिणाऱ्या राजाला काय म्हणावे?

राखेच्या बुधवारी आपण जे एक्कावन्नावे स्तोत्र म्हणतो ते परंपरेने या दाविदाच्या पश्चात्तापाचे मानले जाते. त्याहून मोठे पश्चात्तापाचे गीत आम्हाला माहीत नाही. पण गेली काही वर्षे ते म्हणताना आम्ही एका जागी अडखळतो. त्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, की मी केवळ तुझाच अपराध केला आहे. केवळ? मग उरीया? सगळे स्तोत्र वाचा, त्यात उरीयाचे नाव नाही. जगातल्या सर्वश्रेष्ठ पश्चात्तापगीतातही मेलेला माणूस बाहेरच उभा आहे.

पंडित सांगतात, की इथे अर्थ असा, माणसाविरुद्धचा प्रत्येक अपराध अखेर देवाविरुद्धचा असतो. हे आम्ही शिकलो, परीक्षेत लिहिले आणि ते खरेही आहे. पण दाविदाला जाग आणली ती कशाने, हे पाहा. नाथान संदेष्ट्याने त्याला धर्मशास्त्र सांगितले नाही. गोष्ट सांगितली : एका गरिबाकडे एकच कोकरू होते, ते त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, आणि शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी ते नेऊन कापले. दावीद संतापला. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. ज्याचे लुटले त्याचे ताट आणि त्याची कूस दिसल्याशिवाय राजाचे डोळे उघडले नाहीत. आणि संत मत्तय यांनी तर शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर, प्रभू येशूच्या वंशावळीत, बथशेबाचे नाव न घेता 'उरीयाची बायको' असे लिहून ठेवले आहे. स्तोत्रात जे नाव नाही ते वंशावळीत आहे. नाताळच्या सुमारास ही वंशावळ मिस्सात वाचली जाते तेव्हा कंटाळलेले चेहरे आम्हाला दिसतात. पुढच्या वेळी या एका नावासाठी तरी कान द्या.

आपल्या बार्शीकरांना हे समजायला एवढे लांब जायचीही गरज नाही. आपण ज्या गावात राहतो ते भगवंताचे गाव. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी असे म्हणतात, त्यामागे अंबरीष राजाची कथा आहे, आणि ती आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडून आपण ऐकलेली असते. राजाचे एकादशीचे व्रत. दुर्वास ऋषी द्वादशीला पाहुणे आले आणि स्नानाला गेले ते लवकर परतलेच नाहीत. पारण्याची वेळ टळू नये म्हणून राजाने नुसते पाणी घेतले. तेवढ्यावरून ऋषींनी संतापून राजाला मारायला एक राक्षसी शक्ती उभी केली. भगवंताच्या सुदर्शन चक्राने ती जाळली आणि चक्र ऋषींच्याच मागे लागले. ऋषी ब्रह्मदेवाकडे धावले, शंकराकडे धावले, शेवटी विष्णूच्या पायांवर पडले. आणि भागवतातल्या कथेत विष्णू काय सांगतो? मी काही करू शकत नाही, ज्याचा अपराध केलास त्या अंबरीषाकडे जा. दुर्वास परत आले तेव्हा वर्ष उलटून गेले होते, आणि राजा तोवर त्यांची वाट पाहत उपाशीच होता. ऋषी पाया पडले तेव्हा राजाच ओशाळला.

आम्ही ख्रिस्ती धर्मगुरू आहोत आणि आमची श्रद्धा वेगळी आहे. पण वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू येशूने सांगितले. ही शिकवण समजावताना आम्ही या गावात अंबरीषाचे उदाहरण देतो, आणि ते लोकांना चटकन पटते. प्रभू स्वतःहून जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा जक्कय रडत बसला नाही. ज्याचे ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देतो, म्हणाला. चौपट द्यायचे तर आधी यादी करावी लागते, आणि यादीत नावे येतात.

आता त्या रिंगटोनकडे येतो. ज्यांच्यावर ते गाणे होते ते बापू बिरू वाटेगावकर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे. ही काही इंग्रजांच्या काळातली कथा नव्हे. गावातल्या गुंडगिरीविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले, खून केले, आणि कृष्णाकाठच्या लोकांनी त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ पोलिसांपासून लपवले. पुढे त्यांना जन्मठेप झाली. सुटून आल्यावर त्यांनी माळ धरली, गावोगाव प्रवचने केली, तरुणांना व्यसने सोडायला सांगितली. जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या शंभरीच्या आसपास, ते वारले. आमच्या त्या तरुणाला पहिला भाग सगळा पाठ होता. प्रवचनांचा भाग त्याने ऐकलाही नव्हता. गाणे तिथपर्यंत जातच नाही. बंदूक खाली ठेवलेला म्हातारा शाहिराच्या कामाचा नसतो. बापूंच्या मनात त्या मेलेल्यांविषयी अखेर काय होते ते त्यांचे आणि देवाचे. आमचा आक्षेप आहे तो आपल्या ऐकण्यावर. जिथे शिट्टी मारता येते तिथपर्यंतच आपण ऐकतो.

हे सगळे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. ते सोपे असते.

१९९३ साली आम्ही सातवीत होतो, एका बोर्डिंगमध्ये राहून शिकत होतो. वॉर्डनच्या टेबलाच्या खणात मुलांच्या फीचे पैसे असत. जत्रा जवळ आली होती. एका संध्याकाळी आम्ही त्या खणातून एकशे चाळीस रुपये घेतले. दोन कॅसेट घेतल्या, भेळ खाल्ली, उरलेले कुठे गेले आठवत नाही. कॅसेट कसल्या होत्या ते वाचकांच्या लक्षात आले असेलच. दोन दिवसांनी चोरी कळली आणि संशय आमच्याच वर्गातल्या एका मुलावर गेला. का, तर तो ज्या जमातीतला होता तिच्यावर १८७१ सालापासूनचा शिक्का होता. खणाजवळ त्याला कुणी पाहिले नव्हते. पाहायची गरजच कुणाला वाटली नाही. त्याच्या आईला बोलावून घेतले. ती वऱ्हांड्यात उभी राहिली, मुलाला तिने सगळ्यांसमोर दोन थपडा मारल्या, त्याची वळकटी उचलली आणि त्याला घेऊन गेली. आम्ही रांगेत उभे राहून पाहत होतो. इंग्रजांनी बंडखोरावर कसा अन्याय केला याची कॅसेट तेव्हा आमच्या पेटीत होती.

पुढे आम्ही याचे पापनिवेदन केले. एकदा नव्हे, तीनदा, वेगवेगळ्या धर्मगुरूंकडे. पापक्षमा मिळाली, आणि ती खरी होती, यात आम्हाला शंका नाही. दीक्षाविधीच्या आदल्या रात्री रडलोही. एकाही धर्मगुरूने "तो मुलगा कुठे आहे?" असे विचारले नाही, अशी तक्रार आम्ही काही वर्षे मनात करत होतो. यहुदाने तीस नाणी परत नेली आणि आपण पाप केले असे म्हणाला, तेव्हा याजक त्याला म्हणाले, त्याचे आम्हाला काय, तुझे तू बघ. तो प्रसंग वाचताना आम्हाला वाटायचे, आम्हालाही तसेच म्हटले गेले. पण ते खरे नव्हते. गावाचे नाव आम्हाला ठाऊक होते. बसचे तिकीट परवडत होते. आम्हाला कुणी अडवले नव्हते.

गेल्या वर्षीच्या उपवासकाळात आम्ही स्कूटर काढली आणि गेलो. रस्त्याच्या फाट्यावर त्याचे पंक्चरचे दुकान आहे. त्याने ओळखले नाही. नाव सांगितल्यावर म्हणाला, "तुम्ही फादर झालात म्हणं. बसा की." आम्ही उभ्यानेच सांगितले. त्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवली, फिरवून बुडबुडा कुठे येतो ते पाहिले, खूण केली. मग विचारले, "किती व्हते वो ते?"

"एकशे चाळीस."

"मला साठ सांगितले व्हते," तो म्हणाला. म्हणजे त्या खणातून आणखी कुणीतरी हिशेब जुळवून घेतला होता, की आकडा सांगणाऱ्याने चुकवला होता, आता कळणार नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. आम्ही चौपट करून पाकिटात घालून नेले होते, पण ते खिशातून काढायचे धैर्य झाले नाही. ते काढणे त्या घडीला अश्लील वाटले असते.

मग तो म्हणाला, "माझ्या आईला सांगायला पाहिजे व्हतं. तिला शेवटपर्यंत वाटत व्हतं मीच घेतले. दोन हजार अकराला गेली ती."

त्याने चहा मागवला. आम्ही तो प्यालो. निघताना स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे त्यालाच दिसले. त्याने हवा भरली आणि त्याचे दहा रुपये घेतले.